एकट्यानं पेरलेली ज्वारी

(वाचकांचे प्रश्न, बांधावरची उत्तरं)

मागच्या अंकात रब्बीच्या पेरणीबद्दल प्रश्न मागवले होते. मला वाटलं कांदा रोपाचे आणि द्राक्ष छाटणीचे येतील, तेही आले, पण ज्वारीचे इतके येतील असं वाटलं नव्हतं. नाशिक जिल्ह्यात ज्वारीबद्दल कुणी विचारतंय हेच मला फार बरं वाटलं, म्हणून या वेळी फक्त ज्वारी. कांद्यावाल्यांनी राग धरू नका, पुढच्या अंकात तुमचंच घेतो.

प्रश्न : नाना नमस्कार. सिन्नरच्या पूर्व भागात आमची ५ एकर जमीन आहे, मध्यम काळी, विहिरीला डिसेंबरपर्यंत बरं पाणी असतं नंतर गुडघाभर. सोयाबीन निघाली की कांदा लावतो पण मागची दोन वर्षं कांद्यानं रडवलं. वडील म्हणतात या वेळी २ एकर ज्वारी पेर. मी चुलत्याच्या मागच्या वर्षीच्या ज्वारीचा हिशोब काढला. एकरी नांगरट रोटा ३,५००, बी ४ किलो ४००, पेरणी १,२००, खत २,४००, खुरपणी कोळपणी ३,०००, काढणी बांधणी ५,५००, मळणी २,०००. झाले १८,०००. ज्वारी निघाली ७ क्विंटल, ३ क्विंटल घरी ठेवली बाकी २,६०० नं विकली. सगळी त्याच भावानं धरली तरी १८,२००. म्हणजे ५ महिने राबून २०० रुपये. साडेचारशे पेंढ्या कडबा झाला तो घरच्या गाईंनाच घातला. वडिलांना कसं समजावू? आम्ही घरात ज्वारी दुकानातून ४५ रुपये किलोनं आणतो तेवढीच परवडते.
— एक शेतकरी, सिन्नर

उत्तर : भाऊ, हिशोब लिहून काढलात याबद्दल आधी तुमचं कौतुक, आपल्याकडं निम्मी शेती अंदाजावरच चालते. पण वडिलांना समजवायच्या आधी हा कागद परत एकदा बघा. साडेचारशे पेंढ्या कडबा झाला असं तुम्हीच लिहिलंय आणि जमेच्या बाजूला तो कुठंच नाही. का तर तो विकला नाही, गाईनं खाल्ला. तोच कडबा चुलत्याला बाहेरून घ्यावा लागला असता तर खिशातून पैसे गेलेच असते ना? शेकडा १,५०० धरा, तुमच्याकडं याहून कमी जास्त असेल तर तो आकडा टाका, तरी ६,७५० होतात. दुसरं, घरी ठेवलेली ३ क्विंटल तुम्ही २,६०० नं धरलीत, पण तुम्ही स्वतः ती ४५ रुपये किलोनं विकत आणता, मग घरात खाल्लेल्या ज्वारीची किंमत ४,५०० नं धरायला पाहिजे, तिथं आणखी ५,७०० वाढले. आता तुमच्या २०० चे १२,६५० झाले. घरच्या माणसांची मजुरी यात धरलेली नाही हे खरंय, तुमच्याही कागदात ती नव्हती.

चांगल्या सालातल्या कांद्यापुढं १२-१३ हजार काहीच नाहीत, ते मलाही कळतं. पण कांद्याचं चांगलं साल कोणतं हे लावताना कुणाला माहीत असतं? ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, डिसेंबरात थेट बंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, ते पूर्ण निघायला १ एप्रिल २०२५ उजाडला. लासलगावला ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हातात यातलं काहीच नव्हतं. ज्वारीत कुणी बंगला बांधला नाही, पण ज्वारीपायी कुणाचा बांधलेला बंगला गहाणही पडला नाही, कारण तिच्यात घालावे लागतात तेच १८ हजार, कांद्याला त्याच्या तिप्पट चौपट जातात आणि तेही बऱ्याचदा उसने.

आता भावाचं. २०२४-२५ ला मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणाचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ होता आणि चुलत्यानं विकली २,६०० ला. क्विंटलमागं ८२१ रुपये कमी, विकलेल्या ४ क्विंटलवर ३,२८४ रुपये. २०२५-२६ ला तो ३,७४९ केला, हायब्रीडला ३,६९९. आकडा चांगला आहे पण खरेदी केंद्र जवळ आणि वेळेत उघडलं तरच तो आपला, नाहीतर व्यापारी देईल तो भाव. मला या पिकाबद्दल सगळ्यात जास्त दुखतं ते इथंच. गव्हा-तांदळाची सरकारी खरेदी दरवर्षी होणार हे देशाला माहीत असतं, म्हणून पंजाबातला शेतकरी डोळे झाकून पेरतो. ज्वारीवाल्याला तो भरवसा कधी मिळालाच नाही.

आता जे सांगायचंय ते तुमच्या कागदावर कुठल्याच रकान्यात नाहीये. चुलत्याच्या शेताच्या आजूबाजूला ज्वारी होती का? मला खात्री आहे नव्हती. २०१८ ला मी स्वतः दीड एकर पेरली होती, दुष्काळी साल, विहिरीवरून कसंबसं एक पाणी दिलं, चारी बाजूंनी मका नाहीतर कांद्याची रोपं. ज्वारी निसवली, म्हणजे कणसं बाहेर पडली, दाणे चिकात आले आणि शिवारातली नुसती नाही तर अख्ख्या पंचक्रोशीतली पाखरं माझ्या रानात. सकाळी पोपट, उन्हं वर आली की चिमण्या, आणि भोरड्या तर ढग उतरावा तशा उतरायच्या. आम्ही दोघं नवरा बायको डबे वाजवून थकलो, गोफण फिरवायला घरात तिसरं माणूस नाही. निम्मं धान्य गेलं. मग काढणीला माणूस मिळेना, बायका म्हणाल्या दीड एकरासाठी एवढ्या लांब कोण येतं, त्यापेक्षा कांद्याच्या निंदणीला रोज सलग काम आहे. मळणी यंत्रवाला म्हणाला आणखी दोघं-तिघं जमवा मग येतो. ज्वारी काढून महिनाभर खळ्यावर पडून होती. त्या साली मला वाचवलं ते कडब्यानं, उन्हाळ्यात लोक दारात यायचे आणि मागंल तो भाव द्यायचे.

तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगतो की ज्वारी हे एकट्याचं पीक नाहीच. शिवारात ५० एकर ज्वारी असते तेव्हा तीच पाखरं ५० एकरांवर विभागतात, कुणाच्या वाट्याला दोन चार पायलीचं नुकसान येतं आणि ते कुणी मोजतही नाही. एकट्यानं पेरली की सगळ्या शिवाराचा वाटा तोच भरतो. मग तो दुसऱ्या वर्षी पेरत नाही, आणि शेजारचा त्याच्याकडं बघून पेरत नाही. लोक म्हणतात ज्वारी परवडत नाही म्हणून क्षेत्र घटलं, ते बरोबरच आहे, पण क्षेत्र घटलं म्हणूनही ती परवडेनाशी झाली.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं की २ एकर एकट्यानं पेरू नका. बांधाला बांध लागून असलेले चार पाच जण बघा, दूधवाले असतील तर उत्तम कारण त्यांना कडब्याची किंमत पटवून द्यावी लागत नाही. प्रत्येकानं एक एक एकर, पण एकाच आठवड्यात आणि एकाच वाणाची, म्हणजे सगळ्यांची एकदम निसवेल. राखणीला पाळ्या लावा. काढणीला पूर्वीसारखी सावड करा, आज तुमचं उद्या त्यांचं. ५,५०० चा तो आकडा सगळ्यात मोठा आहे आणि कमी होऊ शकणारा तोच आहे. पाच एकर एका जागी म्हटल्यावर मळणीवालाही येतो.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, त्यात जेवढी लवकर वाफशावर साधेल तेवढी साधा, उशीर झाला की दाणे भरायच्या वेळी ओल सरते. एकरी ४ किलो बी, किलोला ४ ग्रॅम गंधक चोळून, म्हणजे काणी रोग येत नाही. तुमच्या मध्यम जमिनीला राहुरी विद्यापीठाची फुले सुचित्रा किंवा आपली जुनी मालदांडी ३५-१ चालेल. हलकं मुरमाड असेल तिथं फुले अनुराधा. फुले रेवतीचं बागायती उत्पादन हेक्टरी ४० ते ४५ क्विंटल सांगतात पण ते भारी जमिनीत आणि पाण्याच्या पाळ्या वेळेवर मिळाल्या तर, जानेवारीत गुडघाभर पाणी असलेल्या विहिरीवर तो आकडा मनात धरून पेरू नका. एकच पाणी देता येणार असेल तर पोटरीत असताना द्या, म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी. दोन असतील तर पहिलं महिन्याचं झाल्यावर. आणि कोळपण्या चुकवू नका, भेगा बुजल्या की ओल टिकते.

वडिलांना समजवायला जाऊ नका, त्यांच्याजवळ बसून विचारा की पूर्वी राखण कशी करायचे, सावड कुणाकुणात असायची. शिवारातली कुठली माणसं अजून जमवता येतील हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असेल.

प्रश्न : मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते. दुकानात ज्वारी ६० रुपये किलो आहे, चांगली पांढरी घेतली तर अजून महाग. आणि शेतकरी म्हणतात आम्हाला २५-२६ मिळतात. मधले पैसे जातात कुठं? शिवाय दोनदा आणलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते, सासूबाई म्हणतात पीठ जुनं आहे. खरं का?
— एक गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो, दळून पंधरा वीस दिवस झाले की आहे तोही जातो. पीठ आणू नका, ज्वारी आणा आणि आठवड्याचीच दळा. उकळतं पाणी घालून मळलं तर थोड्या जुन्या पिठाचीही होते.

पैशाचं म्हणाल तर सगळं दलाल खातो असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याची ज्वारी खळ्यावरून निघते तेव्हा तिच्यात माती, कोंडा, बारीक फुटका दाणा असतो, चाळणी-निवडणीत घट येते, मग हमाली, आडत, भाडं, पॅकिंग, दुकानदाराचं मार्जिन. पण खरा फरक वेळेचा आहे. फेब्रुवारी मार्चमध्ये सगळ्यांची एकदम निघते, त्याच वेळी गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचे पैसे भरायचे असतात, घरात लग्न असतं, शेतकरी मिळेल त्या भावात मोकळा होतो. ज्याच्याकडं गोडाऊन आहे तो ऑगस्ट सप्टेंबरपर्यंत थांबतो. तुम्ही दिवाळीला ६० देता ते बरेचसे त्या थांबण्याचे असतात.

यावर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. रोज एका वेळी भाकरी खाणाऱ्या पाच माणसांच्या घराला दिवसाला किलोभर लागते, वर्षाला साडेतीन पावणेचार क्विंटल. पूर्वी वर्षाचं धान्य भरायचे ना, तसं सोसायटीतल्या पाच सहा घरांनी मिळून मार्चमध्येच एखाद्या शेतकऱ्याकडून घ्या. त्याला ३५ द्या, त्याला बाजारापेक्षा ९ जास्त आणि तुम्हाला दुकानापेक्षा २५ स्वस्त. दोन तीन दिवस कडक उन्हात वाळवून, दाणा दातांखाली कट्कन फुटला की कोठीत भरा, कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. घेताना मोत्यासारखा गोल, टपोरा, चकाकी असलेला दाणा बघा. काळपट ठिपके असतील तर ती पावसात सापडलेली खरिपाची ज्वारी, तिची भाकरी काळसर होते आणि चवही उतरते. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण नाव मालदांडी लिहिलं म्हणून ती मंगळवेढ्याची असते असं नाही हे लक्षात असू द्या.

प्रश्न : नाना मी येवल्याचा, वय २६, बीएस्सी अॅग्री. मी ज्वारी लावतो म्हटलं की मित्र हसतात, म्हणतात मका लाव, एकरी २५ क्विंटल काढ आणि मोकळा हो, ज्वारी म्हणजे म्हाताऱ्यांचं पीक. लोकांना ज्वारीची लाज का वाटते? आणि गव्हासारखी हार्वेस्टरनं काढता येईल का?
— येवला

उत्तर : लाज वाटण्याला कारणं आहेत आणि ती तुमच्या मित्रांच्या जन्माआधीची आहेत. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी आली, ती रांगेत उभं राहून घेतलेली आणि नाइलाजानं खाल्लेली पिढी अजून गावात आहे. त्याच्या आगेमागे हायब्रीड आली. देशातलं पहिलं ज्वारीचं संकरित वाण सीएसएच-१ हे १९६४ चं. पोतीच्या पोती पिकली, भुकेच्या काळात तिनं लोकांना जगवलं हे विसरता येणार नाही, पण खरिपात दाणे भरताना पाऊस झाला की काळी पडायची आणि भाकरीला ती चव नव्हती. एखाद्याला हिणवायचं असलं की ‘हायब्रीड’ म्हणायची पद्धत तेव्हापासूनची. मग रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाले, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये, आणि भरड धान्य तर १ रुपया लिहिलेलं होतं पण आपल्या दुकानात पोत्यात कायम काय होतं ते तुम्ही बघितलंय. पोळी म्हणजे सणाची, साहेबाच्या घरची, भाकरी म्हणजे गरिबाची हे मनात घट्ट बसलं. साठ-सत्तरच्या दशकात देशात पावणेदोन कोटी हेक्टरच्या वर असलेली ज्वारी आता ४० लाखांच्या आसपास आहे. आणि आता नेमकी उलटी गंमत झालीये, शहरातला डॉक्टर भाकरी खा सांगतो आणि गावातलं पोरगं रेशनच्या गव्हाची पोळी खातं.

मका लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. कोंबडीखाद्यवाले आणि इथेनॉलवाले दारातून उचलतात, मळणी यंत्र गावात आहे, मुरघासही होतो. म्हणजे मक्याच्या मागं अख्खी साखळी उभी आहे, ज्वारीमागं कुणी उभं नाही. पीककर्जसुद्धा बघा, ज्वारीला एकरी जे बसतं ते कांद्या-द्राक्षाच्या मानानं फार थोडं, म्हणजे बँकेच्या नजरेतही ती खालीच. पण येवल्यात पालखेड धरणाच्या कालव्याचं आवर्तन कधी मिळेल याची वाट बघत बसणारे मळे आहेत, तिथं रब्बीत मक्याला पाच सहा पाण्याच्या पाळ्या आणणार कुठून? ज्वारी एक दोन पाण्यावर, भारी जमिनीत तर नुसत्या ओलीवर येते. मित्रांना एकरी क्विंटल नका सांगू, पाण्याच्या एका पाळीला किती रुपये पडले ते सांगा.

हार्वेस्टरचं म्हणाल तर मालदांडी छातीच्या वर जाते, वाऱ्यानं लोळते, आणि हार्वेस्टर फिरवला की दाणे मिळतात पण कडब्याचा चुरा होतो. वर सिन्नरच्या भावाला जो हिशोब सांगितला त्यात बराचसा पैसा कडब्यातच होता. बुटकी, एकसारख्या उंचीची ज्वारी केली की यंत्र चालतं पण मग वैरण कमी. मला वाटतं रब्बी ज्वारीचं सगळ्यात मोठं कोडं हेच आहे आणि तुमच्यासारख्या शिकलेल्या पोरांनी यात डोकं घालावं. तोपर्यंत रीपरनं ताटं कापून घ्यायची, कणसं खुडून तेवढीच मळणी यंत्रात घालायची. उपटणीपेक्षा मजूर नक्की कमी लागतात.

अजून एक करून बघा. शिर्डी रस्ता तुमच्याजवळ आहे. पाच सहा गुंठे हुरड्यासाठी फुले मधुर किंवा गुळभेंडी लावा, डिसेंबर जानेवारीत हुरडा खायला लोक शोधत येतात. दाणे पक्के व्हायच्या आत विकले जातात म्हणजे पाखरांशी भांडायचे दिवसही कमी, आणि खाली हिरवी ताटं गुरांना राहतात.

प्रश्न : आमच्याकडं मालेगाव भागात सासरे दादर ज्वारी लावतात, मालदांडी लावत नाहीत. उत्पन्न कमी येतं. बदलावी का?
— एक सून, मालेगाव तालुका

उत्तर : ताई, सगळी नका बदलू. दादर तापी-गिरणेच्या खोऱ्यातल्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीला पिढ्यानपिढ्या सरावलेली आहे, आणि कळण्याच्या भाकरीला अख्ख्या उडदाबरोबर दळायला तुमच्याकडचे लोक दादरच मागतात, म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं आहे. अर्ध्या रानात फुले वसुधा एक वर्ष लावून बघा, धान्य आणि कडबा दोन्ही तोलून घ्या, मग सासऱ्यांसमोर आकडे ठेवा. बी मात्र दादरचं घरचंच राखा, चांगली कणसं निवडून वेगळी बांधायची.

प्रश्न : हुरड्यासाठी कापलेल्या ज्वारीला परत फुटवे आलेत, शेळ्या सोडू का? — निफाड

उत्तर : नाही, आत्ता अजिबात नको. कोवळ्या फुटव्यात, त्यातही पाण्याचा ताण बसलेल्या, हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि जनावर तासाभरात तडफडून जातं. गुडघ्याच्या चांगलं वर जाऊन फुलोऱ्यात येऊ द्या, कापून दिवसभर उन्हात सुकवा, मग थोडं थोडं दुसऱ्या चाऱ्यात मिसळून घाला. चुकून शेळ्या शिरल्याच आणि तोंडाला फेस, धाप, थरथर दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा, आणि काय खाल्लंय ते फोनवरच सांगा म्हणजे ते औषध सोबत घेऊन येतील.